बेरिलच्या नावाचं पुडिंग

विस्टनहोपमध्ये बाहेर जेवायचं म्हणजे केटलमध्ये जेवायचं, आणि केटलमध्ये जेवायचं म्हणजे बेरिल गार्बेटच्या हातचं खायचं. एकतीस वर्षं यात फरक पडला नाही. पाटीवर पबचं नाव 'ड्रोव्हर्स केटल' असं लांबलचक होतं, पण ते फक्त टपालवाला वापरायचा.

मी तेव्हा लडलोहून वरच्या खेड्यांत जाणारी बस चालवायचो. दुपारची फेरी संपली की बस चर्चच्या भिंतीला लावायची आणि मागच्या दाराने केटलमध्ये शिरायचं. मागच्या दाराने, कारण पुढच्या खोलीत चिखलाचे बूट चालत नसत. हा नियम मालकाचा नव्हता, बेरिलचा होता.

ती या स्वयंपाकघरात आली ती भांडी घासायला. चौतीस वर्षांची होती, नवरा क्लाइव्ह खाणीत कामाला. एका शनिवारी सकाळी तिथला आचारी नोकरी सोडून समुद्रकाठच्या कुठल्याशा हॉटेलात निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी चाळीस माणसं जेवायला यायची होती. मालक रोलंड टिप्टन दारात उभा राहून म्हणाला, "बेरिल, तुला बटाटे भाजता येतात का?"

"येतात," ती म्हणाली. "तुम्ही इथून बाहेर गेलात तर."

तो गेला, आणि पुढची एकतीस वर्षं बाहेरच राहिला.

बेरिलचं नाव झालं ते मटणाच्या पुडिंगमुळे. हे पुडिंग गोड नसतं. चरबी घालून मळलेल्या पिठाचं जाड आवरण, आत थोराड मेंढीचं मटण, कांदा आणि मिरी, वर फडकं बांधायचं आणि चार तास वाफेवर ठेवून द्यायचं. सुरी लावली की रस ताटभर पसरायचा. सोबत उकडलेला कोबी आणि बटाटे. शुक्रवारी आणि रविवारी ते मिळायचं, आणि संपलं की संपलं. बर्मिंगहॅमहून मोटारी यायच्या त्यासाठी. पण बेरिलला मोटारींचं अप्रूप नव्हतं. दीड वाजता ती हात पुसत बाहेर यायची आणि टेबलाटेबलापाशी थांबून एकच विचारायची, "ठीक आहे ना सगळं?" उत्तर ऐकायला ती ताटाकडे बघायची, तोंडाकडे नाही. माणसं खोटं बोलतात, ताट बोलत नाही, असं तिचं म्हणणं.

कुणाला काय चालत नाही हे तिच्या डोक्यात असायचं. म्हाताऱ्या डॉक्टरना मीठ कमी. शाळेतल्या बाईंना दूध नाही. आणि ऑल्वेन प्रीसला मोहरी नाही.

ऑल्वेन ही टेकडीवरच्या शेवटच्या घरात राहणारी. आयुष्यभर मेंढ्या पाळलेली, बोलायला फटकळ. एक्याण्णव सालच्या सुगीच्या जेवणात तिने हॅमचा एक तुकडा खाल्ला. हॅमवर मोहरीचा लेप होता. पाच मिनिटांत तिचे ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. नशिबाने डॉक्टर शेजारच्याच टेबलावर होते. दुसऱ्या दिवशी बेरिलने स्वयंपाकघरातली मोहरीची प्रत्येक बरणी उचलून मागच्या अंगणात नेली आणि कचऱ्यात टाकली. नंतर कधी त्या उंबरठ्याच्या आत मोहरी आली नाही. रविवारच्या बीफवर मोहरीचा तिखट लेप लावल्याशिवाय आमच्याकडे कुणाला घास उतरत नाही. लोक कुरकुरले. हॅरल्ड नावाचा एक शेतकरी स्वतःची डबी कोटाच्या खिशातून आणायचा. बेरिलने त्याला दारापाशी, वाऱ्याच्या झोतात बसवलं.

"एका बाईसाठी अख्ख्या गावाला शिक्षा?" तो म्हणाला.

"गावाला शिक्षा नाही, हॅरल्ड. तुला आहे. आणि तीसुद्धा बसायला खुर्ची देऊन," बेरिल म्हणाली.

रोलंड आणि त्याची बायको थकली, आणि दोन हजार पंधरा साली त्यांनी केटल विकलं. घेतलं एका कंपनीने. तिच्याकडे असे कितीतरी पब होते. रोलंड सगळ्यांना सांगत होता, की काही बदलणार नाही, त्यांनी तसा शब्द दिला आहे. मग भिंतींना गडद हिरवा रंग आला, भिंतींवर कुठल्याशा अनोळखी माणसांचे जुने फोटो आले, आणि कॅलम नावाचा मॅनेजर आला. तिशीतला, स्वच्छ दाढीचा, वागायला अगदी गोड. त्याने बेरिलला सांगितलं, "मिसेस गार्बेट, तुम्ही आम्हाला हव्याच आहात."

कशासाठी हव्या होत्या ते सोमवारी कळलं. मोठा ट्रक आला. त्यातून पुडिंगं आली, गोठवलेली, प्लास्टिकच्या पिशव्यांतून. रस्सा पिशवीत. भाजलेले बटाटेसुद्धा पिशवीत. बेरिलचं काम म्हणजे पिशवी उकळत्या पाण्यात टाकायची, घंटी वाजली की काढायची आणि कापायची. ती नऊ दिवस टिकली. दहाव्या दिवशी तिने एप्रन घडी करून कॅलमच्या हातात दिला. "कात्री धरायला माणूस बघ," एवढंच बोलली. गावाने निरोपाचा समारंभ करायचं म्हटलं तर तिने तोही करू दिला नाही.

तोवर राग नव्हता. वाईट वाटलं होतं, पण धंदा त्यांचा, पैसा त्यांचा, असं ती म्हणायची. राग सुरू झाला तीन आठवड्यांनी, माझ्या बसमध्ये. ती दवाखान्यातून परत येत होती, पुढच्या सीटवर बसली होती. केटलसमोरच्या वळणावर मी वेग कमी केला आणि ती म्हणाली, "विल्फ, थांब."

पबच्या दाराबाहेर नवा काळा फळा होता. त्यावर खडूने, वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'बेरिलचं घरगुती मटण पुडिंग'.

ती उतरली आणि आत गेली. बसमध्ये चार माणसं होती, सगळी गावातलीच, कुणी घाई केली नाही. ती बाहेर आली तेव्हा गाल लाल झाले होते.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, हा माझा सन्मान आहे."

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, सन्मान पुसून टाक. म्हणाला, वरच्या ऑफिसला कळवतो."

आता मला इथे खरं सांगितलं पाहिजे. मी हसलो. म्हटलं, "अगं, जिवंतपणी फळ्यावर नाव लागलं, अजून काय हवं?" गावातल्या बहुतेकांचं हेच मत. नाव राहिलं तर बिघडलं काय? बेरिलने माझ्याकडे पाहिलं आणि उठून मागच्या सीटवर जाऊन बसली. फळा तसाच राहिला. ती महिन्याभरात तीनदा जाऊन सांगून आली. तिन्ही वेळा कॅलम गोड बोलला आणि तिन्ही वेळा वरच्या ऑफिसने काही केलं नाही.

नंतरच्या मार्चमध्ये ऑल्वेनला एक्याऐंशी वर्षं पूर्ण झाली. तिची भाची ग्वेंडा हेरफर्डहून आली आणि मावशीला जेवायला केटलमध्ये घेऊन गेली. ऑल्वेन वर्षभर टेकडीवरून फारशी उतरली नव्हती. केटल विकलं गेल्याचं तिच्या कानावर होतं, पण बेरिल तिथून गेल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. दारात तिने फळा वाचला. आत बसल्यावर ऑर्डर घ्यायला आलेल्या मुलीला तिने विचारलंसुद्धा, "हे आमच्या बेरिलचंच का?"

"हो, बेरिलचंच," मुलगी म्हणाली. तिचा तरी काय दोष. ती दुसऱ्या गावाहून आलेली, आणि फळ्यावर तेच लिहिलं होतं.

ग्वेंडाने मोहरीचा विषय काढला, तर ऑल्वेननेच तिला गप्प केलं. "बेरिलच्या स्वयंपाकघरात मोहरी पंचवीस वर्षांत आलेली नाही. तिला विचारणं म्हणजे तिचा अपमान आहे."

पिशवीतल्या रश्श्यात मोहरीची पूड होती. ऑल्वेनने तीन घास खाल्ले. यावेळी शेजारच्या टेबलावर डॉक्टर नव्हते. ग्वेंडाने फोन केला, पण आमच्याकडच्या अरुंद रस्त्यांवरून अँब्युलन्स यायला बावीस मिनिटं लागली. तोवर ती मावशीला टेबलाशेजारी जमिनीवर बसवून, पाठीला पाठ लावून धरून बसली होती. ऑल्वेन वाचली, पण जेमतेम वाचली. चार दिवस हॉस्पिटलात होती.

बेरिल दुसऱ्याच दिवशी तिला भेटायला गेली. मी सोडायला गेलो होतो, म्हणून खोलीत होतो. ऑल्वेनचा चेहरा अजून सुजलेला, आवाज घोगरा. तिने बेरिलचा हात धरला.

"तुला एक सांगायचंय. रागावू नकोस."

"बोल."

"खाली पडले ना, तेव्हा मी मनातल्या मनात तुला शिव्या घातल्या. म्हटलं, बेरिल म्हातारी झाली. विसरली मला."

 बेरिलने हात सोडला नाही. ग्वेंडाने मग सगळं समजावून सांगितलं, की बेरिल तिथे महिनोन्‌महिने नाहीये, ते पुडिंग तिचं नव्हतंच. ऑल्वेन मान हलवत राहिली. पण मी बेरिलकडे बघत होतो. एकतीस वर्षांत कुणी तिच्याबद्दल असं वाक्य बोललं नव्हतं. आणि बोललं कोण, तर ऑल्वेन, आणि तेसुद्धा मरताना, म्हणजे मरतेय असं वाटत असताना.

परतीच्या वाटेवर ती एवढंच म्हणाली, "फळ्यावरचं नाव म्हणजे नुसतं नाव नसतं, विल्फ. ती हमी असते. माझी हमी त्यांनी पिशवीवर चिकटवली."

मी गाडी चालवत राहिलो. बसमधलं माझं हसणं मला आठवत होतं. तिलाही आठवत असणार.

ती सोमवारी कॅलमकडे गेली. तिथे काय बोलणं झालं ते तिने मला शब्दन्‌शब्द सांगितलं. कॅलम म्हणाला, घडलं ते वाईट झालं, पण कशात काय घातलंय त्याची वही काउंटरवर ठेवलेली असते. बाईंनी वही मागितली नाही.

"कारण तिने नाव वाचलं," बेरिल म्हणाली.

"मिसेस गार्बेट, बेरिल हे काही फक्त तुमचं नाव नाही. देशात हजारो बेरिल आहेत. हे पुडिंग तुमचंच, असं आम्ही कुठे म्हटलंय?"

मी हे आजही सांगतो तेव्हा माझे कान तापतात. आधी सन्मान. सन्मान अंगाशी आला, तेव्हा हजारो बेरिल.

आता रविवारचं सांगतो. रविवारी दुपारी केटल भरलेलं होतं, आणि मीही तिथे होतो. होय, मी. रविवारी घरी एकट्याने जेवायचा मला कंटाळा येतो, आणि आठ मैलांत दुसरं ठिकाण नाही. माझ्यापुढे अर्धं खाल्लेलं पुडिंग होतं. फळ्यावरचं नाव तेव्हाही तसंच होतं. ऑल्वेन घरी येऊन आठवडाही झाला नव्हता.

बरोबर दीड वाजता बेरिल पुढच्या दाराने आत आली. चर्चला जायचा निळा कोट, डोक्यावर टोपी. ती काउंटरकडे गेली नाही. दाराजवळच्या पहिल्या टेबलापाशी थांबली. तिथे कुणी बाहेरगावचं कुटुंब होतं.

"नमस्कार. मी बेरिल गार्बेट. बाहेर फळ्यावर नाव आहे ते माझं. हे पुडिंग मी केलेलं नाही. यात काय आहे ते मला माहीत नाही. काउंटरवर वही आहे, ती मागून बघा." आणि पुढच्या टेबलाकडे.

आवाज चढवला नाही. प्रत्येक टेबलाला तेच, त्याच शब्दांत. काही लोकांनी काटे खाली ठेवले. एक बाई उठून वही मागायला गेली. खिडकीतला एक गृहस्थ वैतागून म्हणाला, "बाई, आम्ही दोन तास गाडी चालवून शांतपणे जेवायला आलोय."

"माझी मैत्रीणही शांतपणेच जेवायला आली होती," बेरिल म्हणाली. "सॉरी हं, तुमचं गार होतंय."

कॅलम धावत आला. तोपर्यंत ती माझ्या टेबलापाशी पोचली होती. तिने आधी ताटाकडे पाहिलं, सवयीने. मग माझ्याकडे.

"चव कशी आहे, विल्फ?"

माझ्या तोंडात घास होता. तो गिळवेना आणि थुंकताही येईना.

"बरी नाही," मी म्हणालो.

"मग खातोस कशाला?"

 मी उठलो, टोपी घेतली आणि तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. फार शौर्य केलं असं नाही. उरलेल्या चार टेबलांना ती बोलली तेव्हा मी नुसता मागे उभा होतो. माझ्यासारखे अजून तिघे उठले, त्यात हॅरल्ड होता. बाकी गाव मान खाली घालून जेवत राहिलं.

"मिसेस गार्बेट, मी पोलिसांना बोलावीन," कॅलम म्हणाला.

"बोलाव, बाळा. त्यांनाही हेच सांगीन. त्यांनी पुडिंग मागवलं, तर."

कुणीतरी हसलं. कॅलमचा चेहरा पडला. तो दुष्ट होता असं मला वाटत नाही. त्याला कुणीतरी वरून बोलायचं काय ते लिहून देत होतं, आणि तो ते वाचत होता. पण वाचणाराही काहीतरी करत असतोच.

बाहेर पडताना बेरिलने हातमोजा काढला, तळहाताने फळ्यावरचं आपलं नाव पुसलं आणि हात कोटालाच पुसला. निळ्या कोटावर पांढरा पट्टा उमटला.

चार दिवसांनी तिला वकिलाचं पत्र आलं. केटलच्या आवारात पाऊल ठेवायला तिला मनाई. ज्या फरशा तिने एकतीस वर्षं घासल्या, त्यांच्यावर उभं राहायचं नाही. माझ्या मते गावाने त्या दिवशी केटलचं दार आपण होऊन बंद करायला हवं होतं. गावाने काय केलं? काहींनी जाणं सोडलं. काहींनी महिनाभर सोडलं. पाद्रीबाईंनी दोन्ही बाजू समजून घेतल्या पाहिजेत असं म्हटलं, तेव्हा हॅरल्डने त्यांना विचारलं, मोहरीची बाजू कोण मांडणार.

ग्वेंडाच्या तक्रारीवरून कौन्सिलचा माणूस आला, त्याने ताकीद दिली, आणि प्रत्येक टेबलावर वही मागून बघायचा इशारा लावायला लावला. फळाही बदलला. आता त्यावर आलं: 'आजीचं घरगुती पुडिंग'.

मी बेरिलला हे सांगितलं तेव्हा ती मटार सोलत होती. तिचे हात थांबले.

"कुणाची आजी?" तिने विचारलं.

मग तिने कंपनीला पत्रं लिहायला घेतली. तिला माफी नको होती, भरपाई नको होती. तिला एक वाक्य लेखी हवं होतं: अमुक तारखेला ऑल्वेन प्रीस यांना दिलेलं पुडिंग बेरिल गार्बेट यांनी केलेलं नव्हतं. बस. अकरा पत्रं लिहिली. प्रत्येकाला उत्तर आलं, सुंदर कागदावर, की तुमचं मत आम्हाला मोलाचं वाटतं. दर वेळी सही वेगळ्याच माणसाची. ती उत्तरं ओळीने टेबलावर मांडायची आणि म्हणायची, "बघ, एवढी माणसं ठेवलीत आणि एकालाही वाचता येत नाही."

मी म्हटलं, "ऑल्वेनला माहीत आहे ना, पुरे कर आता."

"तिला ग्वेंडाने सांगितलंय. मी म्हणतेय ते ज्यांनी केलं त्यांनी सांगावं."

दीड वर्षाने तिच्या बाराव्या पत्राचं उत्तर आलं. दोन ओळी, कुणा एका बाईच्या सहीने. ते वाक्य जसंच्या तसं होतं, आणि खाली, हे पूर्वीच सांगायला हवं होतं. त्या सहीच्या बाईने वरिष्ठांना विचारून लिहिलं की न विचारता, ते आम्हाला कधी कळलं नाही. मला वाटतं, न विचारता.

बेरिल ते पत्र घेऊन माझ्या बसने टेकडीखाली उतरली आणि पुढची पाऊण मैलाची चढण चालत गेली. ऑल्वेन आता कुणाच्याच हातचं खात नाही. भाचीच्या घरीसुद्धा स्वतःचा पाव रुमालात बांधून नेते. बेरिलने तिला चष्मा दिला, पत्र दिलं. ऑल्वेनने दोनदा वाचलं.

"हे मला माहीत होतं की गं," ती म्हणाली.

"माहीत असू दे. आता लिहिलेलंही आहे."

ऑल्वेनने चहा केला. बेरिलने सोबत काही नेलं नव्हतं, मुद्दामच. दोघी नुसता चहा प्यायल्या, मेंढ्यांचं आणि ग्वेंडाच्या गुडघ्याचं बोलल्या, आणि बेरिल पाचच्या बसने परत आली.

केटल अजून चालू आहे. रविवारी मोटारी लावायला जागा मिळत नाही. कॅलमची दुसरीकडे बदली झाली, नवी मॅनेजर आली, तीही गोड बोलते. बेरिलवरची मनाई कुणी उठवलेली नाही, बहुधा ती आहे हेच कुणाच्या लक्षात नसेल. मी मात्र तिथे परत गेलो नाही. रविवारी घरीच अंडी उकडतो आणि एकटाच जेवतो.